केक, झेन आणि वडाळा

अंतोन मिस्त्री बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवतो,
दाबतो, सोडतो, मोजतो:
एक, दोन, अडीच.
"एकदाच उठून बसायला हवी. ही नाचते."
मरोळ गावठाणात, त्याच्या पत्र्याच्या शेडखाली,
माझी सव्वीस वर्षांची झेन
आणि मी, दोघंही जरा ओशाळलेले.

महिन्यातून एक रविवार
वडाळ्याला ट्रक उभे करायच्या रिकाम्या आवारात
नारंगी शंकू मांडतात.
शंकू पाडला की दोन सेकंद दंड.
माझा आकडा बावन्न पॉइंट चार.
पारेख, दातांचा डॉक्टर, शेहेचाळिसात येतो
आणि हेल्मेट काढून आधी केस नीट करतो.
तिसऱ्या वळणाला मी स्टिअरिंग फिरवतो,
नाक सरळच जातं,
ऐकून न ऐकल्यासारखं.
कोणी काढलेल्या फोटोत माझं आतलं मागचं चाक
वीतभर हवेत,
खांबापाशी थांबलेल्या कुत्र्याचं असतं तसं.

यादी लिहायला हाताशी वही एकच,
केकच्या ऑर्डरची. शेवटच्या पानावर मी:
कॉइलओव्हर, पंचाऐंशी हजार (पारेखकडे तेच).
स्प्रिंगा कापून घेणे, बाराशे,
अंतोन म्हणतो, त्यासाठी दुसरा मिस्त्री बघ.
गॅसचे शॉकअप, चारी मिळून बावीस.
मागचा जाड रोल बार, साडेसहा.
पॉलियुरेथेनचे बुश, साडेचार.
पुढच्या पानांवर मृण्मयीचं अक्षर:
शनिवार. भांडुप. बटरस्कॉच दीड किलो. अंडं नको.

कारण सोमवार ते शनिवार गाडी तिची.
मागच्या सीटच्या जागी प्लायवूड,
त्यावर फोम, त्यावर न घसरणारी जाळी.
मार्चमध्ये मी पारेखच्या जुन्या, कडक स्प्रिंगा
आठवडाभर उसन्या आणल्या होत्या.
वळणं अशी कापली जायची
की मी उगाचच चकाल्याला वळसा घालून घरी यायचो.
मग पवईच्या उतारावर, गटाराच्या झाकणापाशी,
तिसरा मजला दुसऱ्यात बसला.
साखरेचे नवरा-नवरी कमरेपर्यंत क्रीममध्ये.
मृण्मयी बोलली नाही.
हॉलच्या पार्किंगमध्ये डिकी उघडून
चाळीस मिनिटं लिंपत राहिली.
मी पाण्याची बाटली धरून उभा.
पाणी कोणी मागितलं नव्हतं.

अंतोन रोल बार माझ्या हातात देतो. जड आहे.
"याची गंमत बघ.
स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलतात,
तेव्हा हा गप्प, नुसता फिरतो.
एकच उचललं तर दुसऱ्यालाही ओढतो."
आणि खड्डा?
"खड्डा एकाच चाकाला येतो,"
हात पुसत तो म्हणतो,
"तेवढं केकने सोसायचं."

रात्री मृण्मयी वही उघडते.
मी न केलेली बेरीज करते.
कॉइलओव्हरवरून पेन नेते, न थांबता.
बुश खोडते: आवाज करतात, तूच म्हणाला होतास.
शॉकअपपुढे बरोबरची खूण.
रोल बारपाशी थांबते.
"याने किती सेकंद?"
एक. फार तर दीड.
"आणि पारेख?"
सहा पुढे.
ती पेनचं टोपण चावते बराच वेळ.
मला वाटतं, ओव्हनचा हप्ता मोजतेय.

पंधरा दिवसांनी, रात्री अकरा,
शेडच्या मागची गल्ली.
फळीवर काठोकाठ पाणी भरलेलं स्टीलचं पातेलं,
शेजारी ती, मांडी घालून, मोबाईलचा टॉर्च पाण्यावर.
मी स्पीडब्रेकर घेतो. मग वळण.
मग मुद्दाम, डावं चाक खड्ड्यात.
किती सांडलं, मी विचारतो.
ती ओढणीने फळी पुसते,
पातेलं पुन्हा भरते,
"थांब, नीट दिसलं नाही.
आता जरा जोरात घे."